नऊ ग्रॅमचा कागद

खऱ्या कलावंताला भिंती नसतात, असं संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या तेव्हा जावई दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबत होता. खोलीला भिंती चार होत्या आणि चारही शाबूत होत्या. खिडकी एक होती, ती स्क्रू मारून कायमची बंद केलेली. पंखा होता, पण त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. दार उघडं असतं तर बाईंचं वाक्य बाहेर जाऊन कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं. पण छपाई चालू असताना दार उघडायचं नाही हा नियम होता, आणि तो जावयानंच केलेला होता.

'जावई' हे काही त्याचं नाव नव्हे. पण फोटोच्या त्या दुकानात त्याला दुसरं नाव कुणी लावत नसे. गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, "जावई आहेत का?" एकदा कुरिअरवाल्यानं त्याच्या खऱ्या नावाचं पाकीट आणलं, तेव्हा "इथे असं कुणी राहत नाही" म्हणून ते परत पाठवण्यात आलं. एकोणीस वर्षांपूर्वी, लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच दुकानातला जुना छपाईवाला पाठीच्या दुखण्यानं आडवा झाला. सासरे म्हणाले, "जावईबापू, दोन महिने जरा बघा." छपाईवाला दोन महिन्यांत ठणठणीत बरा झाला आणि दुसरीकडे कामाला लागला. जावई बघतच राहिला.

दुकान खाली, घर वर, मध्ये चौदा पायऱ्या. खाली सासऱ्यांना 'मालक' म्हणायचं आणि वर 'बाबा'. पायऱ्यांवर गाठ पडली तर काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून पायऱ्यांवर तो त्यांच्याशी बोलतच नसे. त्याच्या आयुष्यातला बहुतेक प्रवास उभा होता. आडवा असा तो फारसा कुठे गेला नव्हता.

बाई दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयात जुन्या फोटोंचा विभाग सांभाळायच्या. त्यांनी काचेच्या जुन्या निगेटिव्ह पट्ट्यांवरून उतरवलेले चाळीस फोटो आणले होते आणि सोबत एका चपट्या खोक्यात कागद. कागद चौरस मीटरला नऊ ग्रॅमचा. दुकानातला नेहमीचा फोटोचा कागद अडीचशेच्या पुढे असतो. हा हातावर ठेवला तर हाताच्या रेषा वाचता यायच्या. कांद्याचा पापुद्रा याच्यापुढे जाडाभरडा म्हणावा. बाईंचा बेत असा होता की हे फोटो चौकटीत घालायचेच नाहीत. दालनाच्या मधोमध दोऱ्यांनी टांगायचे. माणसं शेजारून गेली की कागद हलतील, आणि फोटोतली शंभर वर्षांपूर्वीची मंडळी श्वास घेतायत असं वाटेल.

"चार जणांनी नाही म्हटलं," बाई म्हणाल्या. "पाचव्यांनी हो म्हटलं. त्यांनी कागद परत केला तो चेंडूच्या आकारात."

"मशीन ओढून घेतं," जावई म्हणाला. "मग आत अडकतो. चिमट्यानं काढावा लागतो."

"तुम्हाला जमेल?"

जावयानं कागदाचा तुकडा ओठांना लावून पाहिला. खरखरीत बाजू कुठली ते बोटांना कळत नाही, ओठांना कळतं. "जमेल," तो म्हणाला.

तेव्हा बाईंनी ते भिंतींचं वाक्य टाकलं, आणि त्याच्या पाठोपाठ एक कामाचं. चाळीसच्या चाळीस फोटो बिनडागी निघाले, तर संग्रहालयात मुख्य छपाईकाराची जागा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून भरायची आहे. राहायला क्वार्टर.

"क्वार्टर कामापासून किती लांब आहे?" जावयानं विचारलं.

"चालत पंचवीस मिनिटं. जरा लांबच पडेल, नाही?"

"पडू दे," जावई म्हणाला.

ही बातमी त्यानं बायकोला स्वयंपाकघरात, नळ सोडून सांगितली. घराच्या भिंती अशा होत्या की नळ न सोडता बोललेलं सगळं सार्वजनिक होई. बायको त्याच घरात जन्मली होती. लग्न होऊन मुली घर सोडतात. हिच्या लग्नात घर जिथल्या तिथे राहिलं आणि नवराच आत आला. दोघांची मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. सगळ्यांनी 'मुलगी शिकतेय' म्हणून कौतुक केलं, पण आई तिला निरोप देताना ज्या नजरेनं बघत होती तीत कौतुक नव्हतं, हेवा होता.

बायकोनं नळ बंद केला. "पंचवीस मिनिटं?"

"चालत."

तिनं नळ पुन्हा सोडला. "वाटेत झाडं आहेत का ते विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी तिनं चांगले कप कागदात गुंडाळायला घेतले. जावई म्हणाला, अजून एकही फोटो छापलेला नाही. ती म्हणाली, "तुम्ही छापा. मी गुंडाळते."

नळ सोडूनही सासऱ्यांना सकाळपर्यंत सगळं कळलं होतं. ते काउंटरवर बसून चष्मा पुसत म्हणाले, "जावईबापू, मी कुणाला अडवत नाही." हे वाक्य ते नेहमी म्हणत आणि याच एका वाक्यावर त्यांनी आजवर घरातल्या तीन माणसांना धरून ठेवलं होतं. "जायचं तर खुशाल जा. पण मशीन बंद पडता कामा नये. आमच्या चिरंजीवांना शिकवा नि जा. अट एवढीच."

अट एवढीच होती, पण चिरंजीव वादळ होते.

जावयाच्या या मेहुण्याला घरात लहानपणापासून वादळच म्हणत. वय छत्तीस. तो खोलीत शिरला की आधी काहीतरी पडायचं आणि मग तो दिसायचा. दुकानात त्यानं आजवर दोन कॅमेरे, पासपोर्ट फोटोचं स्टूल, शाईच्या बाटल्यांची एक अख्खी फळी आणि हा मुलगा जावई म्हणून बरा, हा एका वधुपक्षाचा गैरसमज एवढ्या गोष्टी पाडल्या होत्या. शेवटची एकच परत उभी राहिली नाही. तो मनानं वाईट नव्हता. त्याला फक्त हात होते.

"तू स्टुलावर बस," जावयानं त्याला सांगितलं. "आणि हात मांडीखाली घे."

"किती वेळ?"

"छपाई संपेपर्यंत."

"भावोजी, चाळीस फोटो?"

"चाळीस फोटो."

सासरेही आत येऊन बसले. मशीन त्यांचं होतं, तेव्हा त्याच्यावर काय प्रयोग चाललेत हे बघणं त्यांचं काम होतं. खोलीतली एकुलती एक खुर्ची त्यांनी घेतली. अशा रीतीनं नऊ बाय अकराच्या खोलीत तीन माणसं, एक मशीन आणि एक टॉवेल यांचा संसार सुरू झाला.

काम असं होतं. आदल्या दिवशी जाड कागदावर खळीचं अगदी पातळ पाणी ब्रशनं फिरवायचं, त्यावर हा नऊ ग्रॅमचा कागद वरून सोडायचा आणि मऊ ब्रशनं मधून कडेकडे निजवायचा. वाळला की दोन्ही मिळून एक पान झाल्यासारखं मशीनला वाटतं. मशीनला फसवणं हाच त्यातला मुख्य भाग. मग पान मागच्या तोंडानं सरळ आत द्यायचं, शाई मारणारं हेड होईल तेवढं वर उचलून ठेवायचं, कागद खाली ओढून धरणारी हवा बंद करायची. एक पान निघायला बावीस मिनिटं. तेवढ्या वेळात जर दार उघडलं, कुणी शिंकलं किंवा जोरात 'प' म्हटलं, तर एखादा कोपरा सुटून वर येई आणि हेड त्याला घेऊन मशीनच्या पलीकडच्या कडेला जाऊन आदळे.

छापून झालं की खरं कसब. शाई पातळ कागदातून झिरपून खालच्या जाड कागदापर्यंत जाते. ओला असताना सोलला तर फाटतो. पुरता वाळला तर शाई खालच्या कागदाला धरते आणि मग दोघांचा जन्मभर घटस्फोट होत नाही. मधला एक क्षण असतो. तो घड्याळात सापडत नाही. जावई पानाजवळ वाकून गाल टेकेल न टेकेल असा धरायचा. ओला कागद गालाला गार लागतो. तो गारवा जातोय असं वाटलं की सोलायचा. गेला असं वाटलं, तर उशीर झाला.

दिवसाला चार पानं व्हायची. त्या बावीस-बावीस मिनिटांत करण्यासारखं काही नव्हतं. सासरे कुजबुजत बोलत.

"इथे आधी फोटो धुवायची काळोखाची खोली होती. माहितीय?"

"माहितीय, मालक."

"तेव्हाही दार उघडायची सोय नव्हती."

"हो."

"चाळीस वर्षं मी या खोलीत उभा राहिलो. मला कुणी क्वार्टर दिलं नाही."

हेड डावीकडून उजवीकडे गेलं आणि परत आलं.

"भावोजी," वादळ स्टुलावरून पुटपुटलं, "माझे हात गेले."

"कुठे गेले?"

"मुंग्या आल्यात."

"येऊ देत. आहेत तिथेच राहू देत."

एकदा सासऱ्यांना खोकला आला. त्यांनी तो अकरा मिनिटं दाबून धरला, तोंड टोमॅटोसारखं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी खोकला सोडला नाही. पान निघाल्यावर ते बाहेर जाऊन मनसोक्त खोकले आणि परत येऊन खुर्चीत बसले. जावयाला वाटलं, हा माणूस आपल्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून इथे बसलाय, की आपलं काम बिघडू नये म्हणून? विचारायची सोय नव्हती. प्रश्न 'प'नं सुरू होणार नव्हता, पण उत्तर कशानं सुरू होईल ते सांगता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी चाळीसावं पान सुटलं. डाग नाही, सुरकुती नाही. फोटोत एक बाई खिडकीशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यातून जावयाला आपली चार बोटं दिसत होती. वर बायकोनं कपांचं शेवटचं खोकं बांधलं. नंतरचे कप गुंडाळायला तिनं जावयानं सुरुवातीच्या चाचणीत बिघडवलेली पानं वापरली होती. चहा आता स्टीलच्या पेल्यांतून येऊ लागला.

मग बाईंचा फोन आला.

"फोटो अप्रतिम आहेत," त्या म्हणाल्या. "तीच अडचण झालीय."

समितीचं म्हणणं असं पडलं होतं की काम इतकं सुरेख तिथे होत असेल, तर माणूस इथे आणायचा कशाला? कामच तिकडे पाठवत जावं, कायमचं. आणि मालकांचंही तसं पत्र आलं होतं. मालकांनी लिहिलं होतं की मशीन त्यांचं आहे, खोली त्यांची आहे, खोलीतली हवाही गेली चाळीस वर्षं त्यांनी राखलेली आहे. जावई फक्त बटण दाबतात. दाबतात मात्र छान.

काम बिघडवलं असतं तर जागा गेली असती; काम साधलं म्हणून जागा जात होती. आता तो या खोलीत नुसता राहणार नव्हता, संग्रहालयाचं कंत्राट होऊन राहणार होता.

"हे मशीनचं काम नाही, हाताचं आहे," तो म्हणाला. आवाज चढला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गेले दहा दिवस आपण मोठ्यानं बोललोच नाही.

"मला पटतं हो. समितीला कसं पटवायचं?"

तिथे जावयानं आयुष्यातली एकमेव चाल खेळली. "समितीनं इथे यावं. हेच मशीन, हीच खोली, हाच कागद. दुसऱ्या कुणीतरी छापून दाखवावं. जमलं तर मशीन खरं. नाही जमलं तर मी खरा."

"दुसरं कोण?"

"माझा मेहुणा आहे ना. दहा दिवस शिकतोय."

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं हे नळ सोडून बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "वादळ बिघडवेल याची खात्री आहे?"

"एकोणीस वर्षांची."

"माझी छत्तीस वर्षांची आहे," बायको म्हणाली. "पण तो दहा दिवस एका जागी कधी बसला नव्हता."

या बोलण्याकडे जावयानं लक्ष दिलं नाही. पाण्याचा आवाज होता.

बाई आल्या, त्यांच्याबरोबर समितीचे एक गृहस्थ आले. गृहस्थ निवृत्त होते आणि हातात छत्री होती. ती बाहेर ठेवायला सांगितल्यावर त्यांनी अपमान झाल्यासारखा चेहरा केला. टॉवेल कोंबला गेला. आता आत पाच जण होते. खुर्ची सासऱ्यांनी पाहुण्यांना देऊ केली, पाहुण्यांनी ती घेतली, आणि सासरे दहा दिवसांत पहिल्यांदा उभे राहिले.

वादळानं मांडीखालून हात काढले. बराच वेळ ते हातांकडे नुसतं बघत उभं राहिलं, जणू हात कुणाकडून तरी उसने आणले होते. मग आदल्या दिवशी चिकटवलेलं पान उचललं, कडा ओठांनी तपासल्या, सरळ आत दिलं. हेड वर. हवा बंद. काही पडलं नाही. जावयानं आजूबाजूला पाहिलं, तर खरंच काही पडलेलं नव्हतं.

पहिली दहा मिनिटं गेली. फोटो एका जुन्या घाटाचा होता, पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा. पायरीमागून पायरी बाहेर येत होती. जावई शाईकडे बघत नव्हता. तो मागच्या बाजूला, अजून हेडखाली न गेलेल्या भागाकडे बघत होता. विसाव्या मिनिटाला त्याला हवं ते दिसलं. डावा कोपरा सुटला होता. नखाएवढाच. पण हेडला नखाएवढा पुरतो.

आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम त्याच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. सात-आठ ओळींनंतर कोपरा वर उचलला जाणार, हेड त्याला ओढत नेणार, गृहस्थांच्या डोळ्यांदेखत पानाचा चेंडू होणार. मग पंचवीस मिनिटांचा रस्ता. झाडं असलेला किंवा नसलेला. सहा ओळी. पाच. खोकी वर बांधलेली होती. त्यानं ओठ आवळले, नजर छताकडे नेली, पंख्याची पाती मोजली. तीन होती. तरी कोपरा त्याला दिसतच होता, डोळे मिटूनही दिसत होता.

"कोपरा," जावई म्हणाला.

"बघितलाय, भावोजी," वादळ कुजबुजलं. त्याचं बोट आधीच तिथे टेकलेलं होतं. ओलसर, हलकं, जेवढं पाहिजे तेवढंच. कोपरा निजला आणि हेड त्याच्यावरून निघून गेलं.

सासरे जावयाकडे बघत होते. ती नजर जिंकल्याची नव्हती, हे जावयाला जास्त लागलं. एका छपाईवाल्यानं दुसऱ्याकडे बघावं तशी ती होती.

मग सोलायची वेळ. वादळानं गाल धरला. जावयानं आपल्या मनात मोजायला सुरुवात केली. आता, असं त्याला वाटलं तेव्हा वादळ हललं नाही. झालं, चिकटला, जावयाच्या मनात आलं, आणि त्या क्षणी आपल्याला आनंद झाला की दुःख हे त्याला कळलं नाही. वादळ आणखी एक श्वासभर थांबलं. मग त्यानं कोपरा धरला आणि कागद असा सुटून आला की जाड कागदावर घाटाची सावलीसुद्धा राहिली नाही. जावयाच्या चाळीसही पानांखाली थोडी थोडी सावली राहिली होती.

टॉवेल काढला, दार उघडलं. सासरे बाहेर जाऊन खोकले.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही कसं शिकलात?"

"दहा दिवस दुसरं काही बघायलाच नव्हतं," वादळ म्हणालं, आणि वळताना त्यानं गृहस्थांचा चहा पाडला.

गृहस्थांनी छत्री ताब्यात घेतली आणि समितीच्या वतीनं विचार मांडला. हे मशीनचं काम नाही, ते जावयांनी सिद्ध केलं. मशीनवर बोट ठेवावं लागतं हे सगळ्यांनी पाहिलं. हे एका माणसाच्या हाताचंही नाही, ते मेहुण्यांनी सिद्ध केलं. तेव्हा हे शिकण्याचं काम आहे. "आणि शिकायचंच असेल," ते म्हणाले, "तर हे दहा दिवसांत शिकले. आपल्याला किती वर्षं झाली म्हणालात?"

"एकोणीस," जावई म्हणाला. तो खोटं बोलू शकला असता, पण अशा गोष्टी नंतर सुचतात.

आठवड्यानं संग्रहालयाचं नेमणुकीचं पत्र आलं. पाकिटावर वादळाचं खरं नाव होतं, ते वाचून सगळ्यांना क्षणभर कुणाचं ते कळेना. सासरे काउंटरवर बसून चष्मा पुसत म्हणाले, "मी कुणाला अडवत नाही." या खेपेला त्यांना खरंच अडवता आलं नाही. मग ते जावयाकडे वळले. "तुम्ही आहात म्हणून बरंय, जावईबापू."

"हो, मालक," जावई म्हणाला.

वादळ जाताना ताईला म्हणालं, "ताई, मी बोलू का तिथे भावोजींसाठी? मदतनीस लागेलच एक."

"आधी तू पोच," ताई म्हणाली. तिनं त्याच्या पिशवीत चार कप घालून दिले, गुंडाळलेले होते तसेच. उरलेले तिनं दुपारभर बसून सोडवले. जावई वर आला तेव्हा फळीवर कप मांडलेले होते आणि ती गुंडाळीचे कागद एकेक हातानं सपाट करत होती. तो शेजारी बसला. नळ बंद होता. दोघांना बोलायचं असं काही नव्हतं, त्यामुळे तो सोडावा लागला नाही.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. दालनातली एसीची हवा कागदांना सोसेना, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाळीसही फोटो दोन्ही बाजूंनी काच लावून पक्के बसवण्यात आले. काचेतून कागद जाड आहे की पातळ, ते कळत नव्हतं.